हातावर पोट, काखेत वही: रशियन शहरांतला ऑर्थोडॉक्स पाद्री

मंडळी, मॉस्कोच्या क्रेमलिनला स्पास्की नावाचा दरवाजा आहे. आज त्याच्यासमोर फरसबंद चौक लागतो. अठराव्या शतकात तिथे खंदक होता आणि खंदकावर पूल. त्या पुलापाशी सकाळी सकाळी पाद्री उभे असत, आपल्याकडे नाक्यावर मजूर उभे राहतात तसे. कुणाच्या घरच्या चॅपेलात उपासना करायची असे, कुठल्या चर्चचा पाद्री आजारी पडलेला असे. गिऱ्हाईक येई, भाव ठरे, पाद्री बरोबर जाई. उपासना चालवणाऱ्याने आदल्या मध्यरात्रीपासून अन्नपाणी घ्यायचं नाही असा नियम आहे. म्हणून हे पाद्री हातात कलाच नावाचा पाव धरून घासाघीस करत, आणि गिऱ्हाईक फारच खाली उतरलं की म्हणत, ‘बघ हं, चावा घेईन!’ एक घास पोटात गेला की त्या दिवशी त्याला उपासना करता येणार नाही. गिऱ्हाइकाने दुसरा शोधावा. या किश्श्याला बरंच तिखटमीठ लागलेलं असणार. पण पुलावरचा तो बाजार खरा होता, आणि तो बंद करायला बिशपांना दीडदोनशे वर्षं झटावं लागलं.

आजचा विषय ऑर्थोडॉक्स पाद्र्याचं शहरातलं आर्थिक आणि सामाजिक स्थान. मी तो सम्राट पीटर द ग्रेटपासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून, १९१८ पर्यंतच्या रशियन शहरांपुरता ठेवतो. रशियनमध्ये या माणसाला बोलीत ‘पोप’ म्हणतात. आपल्याला लगेच रोम आठवतं, म्हणून मी ‘पाद्री’च म्हणेन. हा पाद्री लग्न झालेला असतो. दीक्षेआधी लग्न करायचं, नंतर करता येत नाही, आणि बायको वारली तरी दुसरं नाही. बिशप मात्र ब्रह्मचारी संन्याशांतूनच निवडले जातात. म्हणजे हुकूम देणाऱ्याला संसार नाही आणि हुकूम पाळणाऱ्याच्या घरी सहा-सात पोरं. पैशाच्या बाबतीत या दोघांचं कधी जुळलं नाही, ते यामुळेही.

पाद्र्याला पगार नव्हता, हे आधी नीट लक्षात घ्या. मोठी कॅथेड्रल आणि काही जुनी राजाश्रयाची चर्च सोडली तर शहरातल्या पॅरिशचा, म्हणजे वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात त्याचा पाद्री लोकांच्या हातून येईल त्यावर जगायचा. खेड्यात निदान जमीन होती. अठराव्या शतकातल्या सरकारी मोजणीत खेड्यातल्या चर्चला ३३ देस्यातिना, म्हणजे सुमारे ९० एकर जमीन तोडून द्यायचं ठरलं, आणि तिथला पाद्री स्वतः नांगर धरायचा. शहरात परसातल्या कोबीपलीकडे काही नाही. १७६४ मध्ये सम्राज्ञी कॅथरीन दुसरी हिने मठांच्या आणि बिशपांच्या जमिनी सरकारजमा केल्या, जवळपास ९ लाख १० हजार पुरुष शेतकऱ्यांसकट. त्याची चर्चा इतिहासात खूप होते, पण शहरातल्या साध्या पाद्र्याचं त्यात काही गेलं नाही, कारण त्याच्याकडे जाण्यासारखं नव्हतंच. उलट बिशपला दरसाल भरावा लागणारा कर सुटला, एवढा फायदा झाला.

त्याची कमाई विधींची. १७६५ मध्ये सरकारने विधींचे दर बांधून दिले: बाळंतिणीच्या प्रार्थनेला २ कोपेक, बाप्तिस्म्याला ३, लग्नाला १०, मोठ्या माणसाच्या दफनाला १०, लहान मुलाच्या ३. पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद फुकट. १८०१ मध्ये हे दर दुप्पट केले. १०० कोपेकांचा एक रूबल. आठवड्याला दोन बाप्तिस्मे आणि एक दफन धरलं तर १७६५ च्या दराने हातात १६ कोपेक येतात, आणि त्यातही डीकन (पाद्र्याच्या हाताखालचा दीक्षित मदतनीस), स्तोत्रपाठक आणि घंटा वाजवणारा वाटेकरी.

अर्थात या दरांनी कुणी जगलं नाही. लोक रिवाजाप्रमाणे जास्त द्यायचे. पण छापील दराने एक विचित्र गोष्ट केली. १० कोपेकांच्या लग्नाचे २ रूबल घेतले की पाद्री कायद्याने लुबाडणारा ठरू लागला. यजमान खूश असेल तोवर ती दक्षिणा, बिनसलं की त्याच रकमेची तक्रार बिशपच्या कचेरीत. त्यामुळे ‘इच्छा असेल ते द्या’ असं तोंडाने म्हणायचं आणि रक्कम कमी वाटली तर जागचं हलायचं नाही, ही पद्धत पडली. पाद्र्यांच्या हावरेपणावर रशियनमध्ये म्हणींचा ढीग आहे. त्या म्हणी रचणाऱ्यांनी स्वतः ठरलेला पगार त्याला कधी देऊ केला नाही, हेही सांगायला हवं.

शिवाय कमाई मोसमी. लग्नंच घ्या. ईस्टरपूर्वीच्या सात आठवड्यांच्या उपवासात लग्न नाही, ईस्टरच्या आठवड्यात नाही, जून महिन्याच्या आसपास येणाऱ्या प्रेषितांच्या उपवासात नाही, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात नाही, नोव्हेंबरच्या मध्यापासून ६ जानेवारीपर्यंत नाही. उरलेल्या दिवसांतही मंगळवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य, कारण बुधवार आणि शुक्रवार उपवासाचे, रविवार उपासनेचा, आणि त्यांची आदली संध्याकाळ जपायची. म्हणजे जानेवारी ते मास्लेनित्सा (ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या आधीचा आठवडा) हा एक मोसम, ईस्टरनंतरच्या रविवारापासून दुसरा, आणि पिकं निघाल्यावर शरदातला तिसरा. ईस्टर उशिरा आला की पहिला मोसम लांबतो, लवकर आला की आखडतो. पाद्र्याची बायको वर्षाच्या सुरुवातीलाच पंचांग पाहून समजायची की यंदा उधारी किती दिवस चालवावी लागणार.

आणि हे पंचांग पाद्र्याच्याच हातात. ते हातचं गेलं की काय होतं, याचा एक दाखला आपल्या दाराशी आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर शहरचा व्यापारी अफानासी निकितिन समुद्रमार्गे चौलला उतरला, तिथून जुन्नरला आणि पुढे बिदरला गेला. व्होल्गाच्या मुखाशी लुटारूंनी त्याचा माल नेला, त्यात त्याच्या धर्माच्या पोथ्याही गेल्या. बिदरला तो तळमळून लिहितो की ईस्टर कधी, नाताळ कधी, काही कळत नाही. शेवटी मुसलमानांच्या सणाच्या मागेपुढे अंदाजाने उपास धरतो. जुन्नरला असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल नाहीतर घोडाही जाईल आणि हजार मोहरांचा दंडही, अशी अट घातली. त्यातून तो सुटला. पण ईस्टर चुकल्याचा सल त्याच्या लिखाणात परत परत येतो. त्वेरच्या बाजारात असता तर वार चुकला नसता, कारण गल्लीच्या टोकाला घंटा होती.

आता वाटणीकडे येतो. मोठ्या चर्चला दोन-तीन पाद्री असत. ते आठवड्याची पाळी लावत आणि त्या आठवड्यातली मिळकत एका सामाईक डब्यात टाकत. महिन्याच्या शेवटी डबा उघडून वाटे. १८७३ च्या नियमांनी मुख्य पाद्र्याला ३ वाटे, सहायकाला २ आणि स्तोत्रपाठकाला १ असं ठरवून दिलं. यातली भांडणं सांगायला नकोत: डब्यात काय पडलं ते दिसतं, खिशात काय राहिलं ते दिसत नाही. डीकनची गोष्ट वेगळी. विधींसाठी त्याची गरज नसते. पाद्री एकटा सगळं करू शकतो. तरी व्यापारी वस्तीतल्या चर्चना भरदार खर्जाचा डीकन हवाच असे. काचा थरथरवणारा आवाज मिळवायला व्यापारी खिसा सैल सोडत. गरीब पॅरिशमध्ये मात्र डीकन म्हणजे खाणारं एक जास्तीचं तोंड.

नाताळात आणि ईस्टरला क्रूस घेऊन घरोघर फिरायची प्रथा होती. प्रत्येक घरी छोटी प्रार्थना, काही नाणी, आणि वोडकाचा पेला. पेला नाकारला तर घरचा अपमान, घेतला तर विसाव्या घरी पाय लटपटणार आणि बिशपकडे तक्रार.

चर्चभोवती धंदे होते, आणि त्यांत मला सगळ्यात लोभस वाटतो तो प्रोस्फोराचा. उपासनेला लागणारा हा आंबवलेल्या गव्हाच्या कणकेचा छोटा पाव. फक्त गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, खमीर. सतराव्या शतकाच्या मध्यात रशियन चर्चचा प्रमुख, पॅट्रिआर्क निकॉन, याने केलेल्या विधींच्या सुधारणेनंतर एका उपासनेला पाच लागतात, त्याआधी सात लागत. भाजणारी बाई बहुतेक पाद्र्याची किंवा डीकनची विधवा. तिला प्रोस्विर्न्या म्हणत, आणि हीच तिची पेन्शन. पाव दोन तुकड्यांचा असतो, खालचा मोठा, वरचा छोटा, ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी अशा दोन स्वभावांचं चिन्ह म्हणून. वरच्या तुकड्यावर क्रूसाचा शिक्का दाबायचा. कणीक सैल झाली किंवा जास्त फुगली तर शिक्का पुसट होतो. जोड कोरडा राहिला तर भट्टीत वरचा तुकडा सुटून बाजूला सरकतो, म्हणून तिथे कोमट पाण्याचं बोट फिरवायचं. आत हवा राहिली की पोकळी पडते, आणि पाद्र्याने भाल्याच्या आकाराच्या सुरीने मधला चौकोन कापताना तो ढासळतो, म्हणून सुईने आरपार टोचून घ्यायचं. भट्टीतून काढल्यावर कापडात गुंडाळून ठेवायचं म्हणजे कवच मऊ पडतं. उत्तरेकडच्या शहरांत गहू पिकत नाही, राय हे काळसर पिठाचं धान्य पिकतं. तिथे गव्हाचं पीठ विकत आणायचं, ते महाग, आणि राय मिसळायचा मोह मोठा. मिसळलं तर कणीक काळपट दिसते, लपत नाही.

मेणबत्ती हा खरा मोठा व्यवहार. १७२१ मध्ये पीटरने हुकूम काढला की मेणाच्या मेणबत्त्या चर्चनेच विकाव्यात आणि नफ्यातून अनाथ-आजाऱ्यांसाठी घरं बांधावीत. तो हुकूम पुढे ढिला पडला. १८०८ मध्ये किरकोळ विक्रीचा हक्क पुन्हा फक्त चर्चला मिळाला. दुकानदाराने घाऊकच विकायचं. पण यावेळी नफा जाणार धार्मिक शाळांच्या निधीला. गंमत अशी आहे: मेण वजनाने घ्यायचं आणि मेणबत्ती नगावर विकायची. भक्त ती मूर्तिचित्रापुढे लावतो, गर्दी वाढली की अर्धी जळलेली काढून नव्याला जागा करायची, उरलेला तुकडा पेटीत, पेटीतले तुकडे कढईत, आणि तेच मेण पुन्हा विकायला तयार. इतका चांगला धंदा दुसरा नाही. मग हिशेबात नफा कमी का दिसायचा? कारण मेणबत्तीचा नफा वर पाठवायचा होता आणि उपासनेत फिरवलेल्या थैलीत जमलेले पैसे चर्चपाशी राहणार होते. छत गळत असेल तर कोण शहाणा मेणबत्तीच्या रकान्यात मोठा आकडा लिहील? पैसे तेच, रकाना बदलायचा. मी याला चोरी म्हणायला तयार नाही. गावाने छपरासाठी दिलेलं गावात ठेवण्याची ती युक्ती होती.

हा हिशेब स्तारोस्ता ठेवायचा. हा पॅरिशने ३ वर्षांसाठी निवडलेला गृहस्थ, शहरात बहुधा व्यापारी. पेटीची किल्ली त्याच्याकडे, मोहोर चर्चची. व्यापाऱ्याला हे पद का हवंसं वाटे? मानमरातबासाठी, पदकं मिळत. मग तूट आली की तो स्वतःच्या खिशातून भरायचा आणि त्याबरोबर पाद्र्यावर हुकूमही चालवायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिशपांनी आपापल्या प्रांताचे मेणबत्ती कारखाने काढले आणि चर्चना तिथूनच घ्यायला लावलं. तोवर बाजारात पॅराफिन आणि सेरेसिन ही खनिज मेणं आली होती. ती स्वस्त, पण अशी भेसळीची बत्ती उकाड्यात वाकते आणि काजळी धरते. वीस वर्षांत चित्रांवरचा सोनेरी मुलामा काळा पडतो. १८९० मध्ये याविरुद्ध कायदा करावा लागला.

आता काखेतली वही. १७२२ मध्ये प्रत्येक पाद्र्यावर जन्म, लग्न, मृत्यूची नोंदवही सक्तीची झाली. तीन भाग, दोन प्रती: एक चर्चमध्ये, दुसरी वर्षअखेर बिशपच्या कचेरीत. या कामाचा सरकारने एक कोपेकही दिला नाही, आणि १९१७ पर्यंत ऑर्थोडॉक्स रशियाची जन्ममृत्यू नोंद यांच्याच हातात राहिली. शाळेत घालायचं, वारसा सांगायचा, १८७४ नंतर सैन्यभरतीसाठी वय दाखवायचं, सगळ्याला या वहीचा उतारा.

चुका कुठे होतात? विधीच्या वेळी स्तोत्रपाठक कागदाच्या कपट्यावर टिपून घेतो, वहीत नंतर चढवतो, कपटा हरवतो. वर्षअखेर दुसरी प्रत नकलताना ओळ गळते, मग दोन प्रतींत फरक. नावं चर्चच्या रूपात लिहायची: घरी इव्हान, वहीत इओआन, येगोर आणि यूरी दोघेही गिओर्गी. विवाहाबाहेरच्या मुलाच्या वडिलांचा रकाना कोरा, आणि पितृनाम बहुधा धर्मपित्याचं. हे माहीत नसलं की आज वंशावळ शोधणारा माणूस भलत्याच आजोबाला चिकटतो.

लग्नात तर पाद्र्याची मान अडकलेली. तीन सणवारी चर्चमध्ये जाहीर करायचं, कुणाची हरकत आहे का विचारायचं. १८०२ पासून चौकशीची वेगळी वही, तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या. १८३० पासून मुलगा १८ आणि मुलगी १६ वर्षांची हवी. १८१० पर्यंत सातव्या पायरीपर्यंतचं रक्ताचं नातं आड यायचं, नंतर मर्यादा चौथ्यावर आणली. यात चूक निघाली तर नवरानवरी निसटत, पाद्री सापडे, पद जायचं. पळून आलेल्या जोडप्याचं लग्न लावायचा भाव इतका चढा का, हे त्यावरून कळतं: त्यात उद्याच्या नोकरीची किंमत धरलेली असे.

याहून अवघड वही पापनिवेदनाची. वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचं, न करणाऱ्या शहरवासीयाला पहिल्या खेपेस १ रूबल दंड, मग २, मग ३. घरवार यादी पाद्र्याने करायची: कोण आलं, कोण नाही, का नाही. निकॉनच्या सुधारणा न मानणाऱ्या जुन्या पंथाच्या लोकांवर १७१६ ते १७८२ दुप्पट डोईपट्टी होती. त्या पंथात गब्बर व्यापारी पुष्कळ. मग व्यापारी पाद्र्याच्या हातावर काही ठेवी आणि पाद्री नावापुढे ‘आला होता’ लिही. दोघांचं भागे, सरकारचं बुडे. त्यातच १७२२ च्या हुकमाने पापनिवेदनात राजद्रोहाचा बेत कानावर आला तर कळवण्याची सक्ती केली. ज्याच्यापुढे मन मोकळं करायचं तोच दंडाची यादी करतो आणि तोच खबर देऊ शकतो. अशा माणसाशी लोक जपूनच बोलणार.

पैसा, भीती आणि श्रद्धा एकत्र आल्यावर काय होतं ते मॉस्कोने १७७१ मध्ये पाहिलं. प्लेगची साथ जोरात होती; त्या वर्षी शहरात ५० हजारांहून अधिक माणसं मेली. वार्वार्का दरवाज्यावरच्या बोगोल्युबोवोच्या माता मेरीच्या मूर्तिचित्राबद्दल अफवा उठली की तीस वर्षं कुणी तिची प्रार्थना केली नाही म्हणून हा कोप आहे. लोक लोटले, चित्राचं चुंबन घेऊ लागले. पाद्री पोथीची लाकडी घडवंची घेऊन तिथेच बसले आणि पैसे घेऊन प्रार्थना म्हणू लागले. आर्चबिशप अम्व्रोसी शहाणा माणूस होता. पुलावरच्या बिनजागेच्या पाद्र्यांवर त्याने आधीच बडगा उचलला होता, आणि प्लेगच्या रोग्याचं पापनिवेदन खिडकीतून ऐकावं, हात लावू नये अशा सूचना काढल्या होत्या. त्याला कळत होतं की त्या चुंबनातून रोग पसरतोय. त्याने चित्र हलवायचं ठरवलं, आणि दानपेटीला मोहोर लावून पैसे अनाथालयाला द्यायचे. पेटीला हात लागताच ‘देवाच्या आईला लुटतायत’ अशी हाकाटी झाली. १६ सप्टेंबरला जमावाने त्याला दोन्स्कोय मठात गाठून ठार मारलं. माझं मत असं की फक्त गर्दी पांगवली असती तर तो कदाचित वाचला असता. पेटीला हात लावला आणि ती श्रद्धेची लढाई झाली.

त्या साथीनंतर शहरातल्या चर्चच्या आवारात पुरायला बंदी आली आणि दफनभूमी वेशीबाहेर गेल्या. आरोग्याला बरं झालं. पण दफनाच्या जागेचे पैसे वेशीबाहेरच्या चर्चकडे वळले आणि आतल्या पाद्र्याची एक हमखास मिळकत आटली.

घराचा प्रश्न यापेक्षा चिवट. पाद्र्याचं घर बहुधा चर्चच्या जमिनीवर, पण इमारत त्याची स्वतःची. तो मेला की नव्या माणसाने विधवेकडून ती विकत घ्यायची. नव्याकडे पैसे नसतात, तो सेमिनरीतून, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेतून नुकताच सुटलेला. मग सगळ्यात सोपा मार्ग: विधवेच्या मुलीशी लग्न कर, घर आणि जागा दोन्ही तुझी, सासूला मरेपर्यंत सांभाळ. बिशपची कचेरी अशी जागा मुलीच्या नावे राखूनही ठेवायची. यामुळे म्हातारी उघड्यावर पडली नाही, हे खरं. जागेला लायक माणूस निवडायचा मार्गही यामुळेच बंद झाला. गरीब पाद्री-कुटुंबांसाठी १८२३ मध्ये प्रांतोप्रांती मदतमंडळं निघाली, पण पैसा तुटपुंजा. १८६७ मध्ये मुलीच्या नावे जागा राखणं बंद केलं, १८६९ मध्ये पाद्र्याच्या मुलांना पाद्र्यांच्या जातीसारख्या वंशपरंपरागत वर्गातून मोकळं केलं. हुशार मुलं भराभर डॉक्टरकी, वकिली, मास्तरकीकडे गेली.

शहरी पाद्र्याला शेवटी थोडा स्थिर आधार मिळाला तो मेलेल्यांकडून. व्यापारी मृत्युपत्रात काही शे रूबलांचे सरकारी रोखे चर्चला ठेवायचा: मुद्दल हलवायचं नाही, व्याज पाद्री-मंडळींनी वाटून घ्यायचं, आणि दर उपासनेत त्याच्या घराण्याची नावं वाचायची, कायमची. शे-दीडशे नावांची यादी वाचायला वेळ लागतो, स्तोत्रपाठक घाईत अर्धी गिळतो, नातेवाईक पाठीमागे उभे राहून मोजतात. १८९४ मध्ये सरकारने ५ टक्क्यांचे रोखे ४ टक्क्यांवर आणले. व्याजाचा पाचवा हिस्सा गेला, यादीतलं नाव एकही कमी करता येईना.

मग जुन्या पंचांगाप्रमाणे १८ डिसेंबर १९१७ ला नोंदणी सरकारकडे गेली. २० जानेवारी १९१८ ला चर्चचा मालमत्तेवरचा हक्क गेला. दुसऱ्याच दिवशी जुने सरकारी रोखे रद्द झाले. वह्या नोंदणी कचेरीत पोचत्या करायचा हुकूम आला, आणि पाद्र्याकडे उरली ती दारी येऊन बाप्तिस्म्याचं किंवा दफनाचं आमंत्रण देणारी माणसं.